दोनशे त्रेचाळीस दिवस

आत्याने जिना चढताना तीन वेळा दम खाल्ला आणि तिन्ही वेळा जिन्याच्या नावाने खडे फोडले. चौथ्यांदा ती थांबली ती वर, नमुन्यांच्या खोलीच्या दारात.

"घरी पंखा आहे, गाद्यांच्या खुर्च्या आहेत," ती म्हणाली. "पण आमच्या आप्पाला बैठक भरवायला ही भुशाची कोठीच लागते."

"बस," आप्पा म्हणाले. पुढे काही नाही.

सुट्टीचा दिवस होता. खाली कारखाना गप्प होता; भट्टी गार, क्रेन एका कोपऱ्यात जाऊन उभी. या खोलीच्या चारी भिंतींना लाकडी नमुने टांगलेले होते. काही आजोबांच्या हातचे, काही आप्पांच्या, आणि गेल्या पंधरा वर्षांतले सगळे त्यांच्या लेकीच्या, धाकटीच्या हातचे. नमुन्यावर वाळू ठासायची, नमुना अलगद काढून घ्यायचा, उरलेली पोकळी म्हणजे साचा; त्यात लॅडलमधून, म्हणजे क्रेनला टांगलेल्या मोठ्या बादलीतून, लोखंडाचा रस ओतायचा. या घराण्याच्या तीन पिढ्या एवढ्या एका कामावर जगल्या होत्या. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या लग्नात कोण रुसलं, ही भांडणं घरी चालायची. कारखान्याचं काही ठरवायचं झालं की मात्र आप्पा सगळ्यांना इथे वर बोलवत.

आप्पांचा मुलगा, थोरला, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कशासाठी बोलावलंय ते कोणी सांगितलं नव्हतं. पण आप्पांचा उजवा हात वर्षभरात इतका थरथरायला लागला होता की सही करताना दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागे, आणि दीड वर्षापासून कारखाना थोरलाच चालवत होता. नावावर तेवढा व्हायचा राहिला होता. शेजारी बसलेल्या बायकोने येताना त्याच्या कॉलरवरचा धागा काढला होता. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखं वाटू नये खरं तर, पण त्याला तसं वाटत होतं, आणि ते त्याला आवडतही होतं.

धाकटी खिडकीपाशी एका उलट्या नमुन्यावर बसली होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिच्या नखांत काळी वाळू होतीच.

"अपघाताला तीन आठवडे झाले," आप्पा म्हणाले. "लॅडलवाल्याच्या डाव्या पायाची तीन बोटं काढली. उजवा पाय वाचेल म्हणतात."

"वाचेल," थोरला म्हणाला. "मी डॉक्टरांशी रोज बोलतो."

"आणि त्याच्याशी?"

थोरल्याला प्रश्नच कळला नाही. "त्याच्याशी काय?"

आप्पांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. थोरल्याने तो लांबूनच ओळखला. अपघाताचा अहवाल, त्याने स्वतः लिहिलेला. वीस जणांना एकेकटं केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन, पाणी देऊन त्याने विचारलं होतं. अर्धवट काम करायची त्याला सवयच नव्हती. रस ओतताना सहाव्या साच्यातून उसळला आणि लॅडलवाल्याच्या बुटांत गेला. साच्यात दोष असल्याचं कोणीही सांगितलं नाही. मग लॅडल घाईने कलंडली, एवढं एकच कारण उरत होतं.

"वीस जणांना विचारलंस," आप्पा म्हणाले. "काय म्हणाले?"

"कोणी काही म्हणालं नाही."

"हं," आप्पा म्हणाले आणि धाकटीकडे वळले. "त्याला वर बोलव."

धाकटीने खिडकीतून खाली हाक मारली. जिन्यावर पावलं वाजली आणि वाळूवाला आत आला. साठीचा, वाकलेला माणूस. वाळूत पाणी आणि माती किती घालायची ते तीस वर्षं तोच बघत होता. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे राहिले आणि हात कोरडा राहिला की वाळू बरोबर. चिकटली, की पाणी जास्त. अशा साच्यात रस पडला की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि ती रसाला घेऊन बाहेर येते.

"मला सांगितलंस ते यांना सांग," आप्पा म्हणाले.

वाळूवाला उभाच राहिला.

"त्या दिवशी शेवटच्या साच्याची वाळू जड होती, साहेब," तो थोरल्याला म्हणाला. "माझ्या मुठीला कळलं होतं."

थोरल्याने अहवालाच्या कागदाकडे बघितलं.

"मी केबिनमध्ये विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगून काय उपयोग होता? पाय तर भाजला होता."

"मग त्या आधी? मी स्पीकरवरून विचारलं होतं. रोज विचारतो. 'थांबा' म्हणायचं होतं."

"म्हणणार होतो," वाळूवाला म्हणाला. "तोंड उघडलंसुद्धा. मग समोर फळा दिसला. दोनशे त्रेचाळीस लिहिलेलं होतं. दोनशे त्रेचाळीस दिवस कोणी काम थांबवलं नाही, आणि मी थांबवायचं? आणि समजा साचा बरा निघाला असता तर? मला लिहिता येत नाही, साहेब. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. मग ते सगळ्यांना कळतं."

आजोबांचा नियम त्या खोलीत सगळ्यांना पाठ होता. त्यांच्या सख्ख्या भावाचा डोळा एका ओल्या साच्याने घेतला, आणि मागाहून कळलं की तिघांना आधीच शंका आली होती. तेव्हापासून भरलेली लॅडल पहिल्या साच्यापुढे आली की मालक स्वतः खाली कामावर उभा राहायचा, काळा चष्मा कपाळावर चढवायचा, म्हणजे त्याचे डोळे सगळ्यांना दिसावेत, आणि म्हणायचा, "बोला." मग एकेकाच्या तोंडाकडे बघायचा. झाडूवाल्यापासून क्रेनवाल्यापर्यंत कोणीही "थांबा" म्हटलं की काम थांबायचं. का, ते विचारायचं नाही. रस बाजूला लाद्यांच्या साच्यांत, पुन्हा वितळवायला, ओतून टाकायचा, संशयातला साचा मालकाने आपल्या हाताने फोडायचा, आणि आत ओल निघो वा न निघो, थांबवणाऱ्याला पाण्याचा ग्लास भरून द्यायचा. "बोललास ते बरं केलंस," एवढंच म्हणायचं. आप्पांनी हे चाळीस वर्षं केलं होतं.

थोरल्याने हा नियम मोडला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याने तो सुधारला होता. भट्टीच्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून स्पीकर बसवला आणि केबिनच्या काचेमागून विचारायला लागला. उगाच कोणी थांबवू नये म्हणून एक फॉर्म काढला: कोणी थांबवलं, का, पुरावा काय, किती वेळ गेला. आणि भट्टीसमोरच्या भिंतीवर फळा लावला, न थांबता गेलेल्या दिवसांचा. सुरुवातीला महिन्यात सात वेळा काम थांबे. मग तीन वेळा. मग एकदा. मग थांबणं बंदच झालं. गिऱ्हाइकं कारखाना बघायला आली की तो त्यांना आधी फळ्यापाशी नेत असे.

"जा तू," आप्पा वाळूवाल्याला म्हणाले. "आलास ते बरं केलंस."

पावलं जिना उतरून गेल्यावर पहिल्यांदा बोलली ती थोरल्याची बायको.

"म्हणजे आता सगळं यांच्या डोक्यावर? आप्पा, दीड वर्षापूर्वी इथे काय होतं ते आठवा. माल कधी वेळेवर गेला नव्हता. अर्धी गिऱ्हाइकं तुटली होती. यांनी एकेकाच्या दारात जाऊन ती परत आणली. मुलांच्या परीक्षेलासुद्धा घरी नव्हते हे. वाळूवाला बोलला नाही, तर ती वाळूवाल्याची चूक."

"खरं आहे," आत्या म्हणाली. "पोरगा राबलाय."

थोरल्याने आत्याकडे कृतज्ञतेने बघितलं. आत्याचा कारखान्यात चौथा हिस्सा होता, आणि लहानपणापासून ती त्याची होती. पडला की तोच आधी उचलला जाई, मग धाकटी पडलेली का असेना.

"मी चुकलो," तो म्हणाला. त्याला हे म्हणता आलं याचं त्याला जरा बरंही वाटलं. "फॉर्म सोपा करतो. दोनच प्रश्न. लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी स्वतः भरेन. फळाही हवा तर काढू."

"दादा," धाकटी म्हणाली.

ती बैठकीत सहसा बोलत नसे. सगळे वळले.

"शेवटचं कोणी थांबवलं होतं, आठवतंय?"

त्याला आठवत होतं. तिनेच. आठ महिन्यांपूर्वी.

"साचा बरा निघाला," ती म्हणाली. "माझी चूक होती. मग तू स्पीकरवरून मला वर बोलावलंस, फॉर्म भरून घेतलास, आणि तो सगळ्यांना वाचून दाखवलास. पुरावा काय, तर काही नाही. वेळ किती गेला, तर पंचावन्न मिनिटं."

"घरच्यांना सूट नाही हे दिसायला हवं होतं. तुला वगळलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

"मला माहीत आहे तू का केलंस ते. मला राग आला होता तो वेगळा." ती नखांतली वाळू काढत राहिली. "पण त्या दिवसापासून खाली कोणी बोललं नाही. मालकाच्या बहिणीची ही गत, तर आपलं काय, असं झालं. मी रोज बघत होते. तू विचारायचास आणि सगळे जमिनीकडे बघायचे. मला कळत होतं, दादा. आणि आठ महिने मी तुला सांगितलं नाही. म्हटलं, तुला हवी ना शांतता, घे. हे माझं. लॅडलवाल्याचा पाय माझ्याही माथ्यावर आहे."

तिचा आवाज चढला नव्हता. पण शेवटचं वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं.

थोरला उठून उभा राहिला. बसून बोलणं त्याला जमेना.

"मला सरळ सांगा," तो आप्पांना म्हणाला. "माणसं हाताखाली घेऊन कारखाना चालवणाऱ्यात काय लागतं? निर्णय घेता यावा लागतो. वेळ पाळावी लागते. दिलेला शब्द पाळावा लागतो. आपल्या आणि परक्याला एक माप लावावं लागतं. यातलं माझ्यात काय नाही?"

"सगळं आहे," आप्पा म्हणाले. "माझ्यात होतं त्याहून जास्त आहे. म्हणून तर तीन रात्री झोप नाही मला."

"मग?"

आप्पांचा हात मांडीवर थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"तुझ्यासमोर माणसाला चुकायची सोय नाही रे," ते म्हणाले. "आणि ज्याला चुकायची सोय नाही तो बोलत नाही. तू स्वतः कधी चुकत नाहीस, त्यामुळे तुला हे दिसत नाही. मी सतरा वेळा चुकायचो. त्यामुळे मला वाळूवाल्याची गरज होती, आणि त्याला ते माहीत होतं."

"आप्पा, म्हणजे तुम्ही हिला…" थोरल्याची बायको म्हणाली. "हिला गिऱ्हाइकाशी चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. त्या पंपवाल्यांना तोंडावर म्हणाली, तुमचं डिझाइनच चुकलंय."

"चुकलंच होतं," धाकटी म्हणाली.

"बघा."

"गिऱ्हाइकं याच्याकडेच राहतील," आप्पा म्हणाले. "त्यात याचा हात कोणी धरणार नाही. पण कारखाना तिच्या नावावर. उद्यापासून लॅडलपुढे ती उभी राहील. आत्या, तू बोल. तुझ्याशिवाय होणार नाही."

आत्याने पदराने मान पुसली. थोरला तिच्या तोंडाकडे बघत होता आणि ते तोंड आपल्याकडे वळत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"मी येताना तुझं नाव घ्यायचं ठरवून आले होते," ती अखेर त्याला म्हणाली. "खोटं नाही सांगत. पण मला एक सांग. माझा गुडघा दुखतो हे तुला कधी सांगितलंय मी?"

"तुझा गुडघा दुखतो?"

"दोन वर्षं झाली. हिला सांगितलंय. तुला सांगितलं की तू डॉक्टरचा नंबर देणार, आणि तीन दिवसांनी विचारणार, गेलीस का. नाही गेले म्हटलं की तुझं तोंड उतरणार. हिला सांगितलं की ही नुसता चेपून देते. डॉक्टरकडेही मग हिच्याचबरोबर गेले मी." ती थांबली. "तू माझा लाडका आहेस. पण दुखणं मी हिला सांगितलं. आता तूच बघ."

थोरल्याने बायकोकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिच्याही मनात काहीतरी असं आहे की काय, आपल्याला न सांगितलेलं, असं त्याला वाटून गेलं, आणि विचारायचा धीर झाला नाही.

"तुला हवंय का हे?" त्याने धाकटीला विचारलं.

"नको होतं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण असं नको होतं."

दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत थोरला कारखान्यात आला, स्टूल घेतलं आणि फळ्याचे चार स्क्रू काढले. मागे भिंतीचा चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ निघाला. फळा उचलून तो केबिनमध्ये घेऊन गेला आणि कपाटामागे उलटा करून ठेवला. रात्रभर त्याने धाकटीवर चिडून बघितलं होतं, आप्पांवर चिडून बघितलं होतं, आत्याच्या गुडघ्यावरसुद्धा. कुठेच नीट राग धरला गेला नाही.

तीन वाजता ओतायचं होतं. सहा साचे ओळीने मांडलेले, पंपाच्या कवचांचे. हे काम त्यानेच आणलेलं. अपघातामुळे आधीच तीन आठवडे मागे पडलेलं, आणि गुरुवारी ट्रक भरायचा शब्दही त्यानेच दिलेला. सकाळी धाकटीने वाळू यंत्रावर तपासून घेतली होती. सगळं बरोबर. काचेमागे बसवेना म्हणून तो खाली उतरला आणि खांबापाशी उभा राहिला. भट्टीची धग तोंडावर आली तेव्हा त्याला जाणवलं की दीड वर्षात आपण ओतताना इथे एकदाही उभे राहिलेलो नाही.

क्रेनने भरलेली लॅडल पहिल्या साच्यापुढे आणली. रसाचा पांढरा उजेड छतापर्यंत गेला. धाकटी पुढे झाली आणि तिने काळा चष्मा कपाळावर चढवला.

"बोला," ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण ती थांबली. क्रेनवाल्याकडे बघितलं, नव्या लॅडलवाल्याकडे, वाळूवाल्याकडे, झाडूवालीकडे. सगळे जमिनीकडे बघत होते. ती तरी थांबलीच.

थोरल्याची नजर दुसऱ्या साच्यावर होती. वाळू भरलेल्या दोन पेट्या एकमेकींवर बसतात त्या सांध्याशी, डाव्या बाजूला, हाताच्या पंजाएवढा काळसर डाग. ओल असेल, किंवा सावली असेल. किंवा क्रेनचं तेल गळलं असेल. पुरावा काय? काही नाही. आज तिचा पहिला दिवस. आज आपण थांबवलं तर या वीस जणांत एकही माणूस असा नसेल जो म्हणणार नाही की याला खुपतंय. बायकोसुद्धा म्हणेल. गुरुवारचा ट्रक जाणार नाही, आणि तो शब्द आपला. डाग बहुतेक तेलाचाच आहे. बहुतेक.

त्याने तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. वीस वर्षं तो शेकडो माणसांसमोर बोलला होता आणि त्याला कधी असं झालं नव्हतं. वाळूवाल्याला त्या दिवशी असंच झालं असणार, हे त्याला तिथे, त्या धगीत उभं राहून कळलं. धाकटीची नजर फिरत फिरत त्याच्यावर आली आणि थांबली. त्या नजरेत घाई नव्हती.

"थांबा," तो म्हणाला.

तीन-चार माना झटक्यात वर झाल्या. कोणीतरी मागे हलकेच चुकचुकलं.

"थांबलं," धाकटी म्हणाली. "लाद्यांत उतरवा."

'का?' असं तिने विचारलं नाही. भुवईसुद्धा हलवली नाही. क्रेन वळली, लॅडल लाद्यांच्या साच्यांकडे गेली, आणि एवढा सगळा रस बिनकामाच्या लाद्यांमध्ये ओतला गेला. अर्धा तास गेला. सगळे उभे होते आणि थोरला त्या सगळ्यांत उभा होता.

"कुठला?" मग तिने विचारलं.

"दोन नंबर. डावीकडे."

तिने घण घेतला आणि पेटी उघडून साचा फोडला. वाळूचे कोरडे, स्वच्छ तुकडे पडले. काळा डाग होता तिथली वाळू तिने बोटांत चोळून हुंगली.

"तेल आहे," ती म्हणाली. "क्रेनचं."

थोरल्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं. धाकटीने घण खाली ठेवला, माठापाशी गेली, ग्लास भरला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर आणून धरला.

"बोललास ते बरं केलंस, दादा."

त्याने ग्लास घेतला. तो प्यायला, आणि ग्लास तोंडाला असतानाच त्याला ऐकू आलं.

"ताई." वाळूवाला पुढे आला होता. "सहा नंबरचाही फोडता का?"

धाकटीने एक शब्द न बोलता घण उचलला. सहाव्या साच्याचा पहिलाच तुकडा तिच्या तळव्याला चिकटला. तिने हात उलटा केला. वाळू पडली नाही.



"चहाच्या सुट्टीनंतरची वाळू आहे," वाळूवाला म्हणाला. "मुठीत घेतली तेव्हाच वाटलं होतं. पण कालच वर जाऊन वाळूचं रडगाणं गायलं. आज पुन्हा गायलं तर म्हणाल, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. जीभ उचलेना. मग साहेब चुकले, आणि ताईंनी पाणी दिलं. म्हटलं, मग मीही चुकतो."

थोरला वाळू कालवायच्या यंत्राकडे गेला. यंत्र बंद होतं, नळ बंद होता, आणि नळाच्या तोंडाशी एक थेंब जमत होता. पडला. दुसरा जमायला लागला. प्रत्येक चहाच्या सुट्टीत हे पाणी शेवटच्या वाळूत पडत होतं, त्या दिवशीही पडलं होतं, आणि तीन आठवडे कोणी इकडे बघितलं नव्हतं, कारण अहवालात लिहिलं होतं की लॅडल घाईने कलंडली.

तो माठापाशी गेला. ग्लास विसळून भरला आणि वाळूवाल्यापुढे धरला.

"बोललात ते बरं केलंत," तो म्हणाला.

वाळूवाल्याने पाणी पिऊन ग्लास परत दिला आणि अगदी मनापासून विचारलं, "फॉर्म आत्ता भरायचा का, साहेब?"

"तुम्ही नाही," थोरला म्हणाला. "लिहायचंय ते मला."

इस्पितळात भेटायची वेळ पाच ते सहा होती. थोरला सव्वापाचला पोचला, दारातल्या बाईला खाटेचा नंबर विचारून घेतला, कारण तो त्याला माहीत नव्हता.

लॅडलवाला उशांना टेकून बसला होता. दोन्ही पायांवर चादरीचा तंबू केलेला. साहेबांना बघून त्याने उठायची धडपड केली आणि थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. मग स्टूल ओढून शेजारी बसला.

"मी अहवाल फाडलाय," तो म्हणाला. "नवीन लिहिला. तुमची घाई झाली नव्हती. वाळू ओली होती. नळ गळत होता."



"मला वाटायला लागलं होतं, घाई झाली असेल," लॅडलवाला म्हणाला. "साहेबांनी लिहिलंय म्हणजे झाली असेल. रात्री डोळे मिटून हात फिरवून बघायचो, लॅडल कशी धरली होती. बायकोलाही तेच सांगितलं, माझीच चूक." त्याने डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, येऊ दिलं. "नळ होता होय."

"नळ होता. आणि ज्याला वाळू कळली होती त्याला बोलता आलं नाही, ते माझ्यामुळे. तेही लिहिलंय. तुम्हाला वाचून दाखवायला आलोय."

त्याने कागद काढला आणि वाचला. पानभरही नव्हता. शेजारच्या खाटांवरचे लोक ऐकत होते आणि त्याने आवाज कमी केला नाही. वाचून झाल्यावर त्याने घडी घातली आणि ती लॅडलवाल्याच्या उशीखाली ठेवली.

"आज काम थांबलं होतं म्हणे," लॅडलवाला म्हणाला. "क्रेनवाल्याचा फोन आला होता. कोणी थांबवलं ते नाही बोलला तो."

"मी."

"साचा ओला होता?"

"नाही. तेलाचा डाग होता. मी चुकलो."

लॅडलवाल्याने त्याच्याकडे बघितलं. मग वळून, पायांना धक्का न लागू देता, कडेच्या कपाटावरचा तांब्या ओढला आणि ग्लासात पाणी ओतलं. अर्धं बाहेर सांडलं. ग्लास त्याने दोन्ही हातांनी पुढे केला.

"बोललात ते बरं केलंत, साहेब," तो म्हणाला. "घ्या. पाणी घ्या."